आशा द्यावी, पण खरी द्यावी

॥ श्रीगुरवे नमः ॥



आजचा लेख नेहमीपेक्षा मोठा आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकीत वाचा, पण घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा ही विनंती. यात आधी आमची एक चूक सांगायची आहे, आणि मग त्या चुकीने आमच्यापुढे टाकलेला प्रश्न.

तीन महिन्यांपूर्वी आपल्या गटांवर एक व्हिडिओ फिरला. दोन-अडीच मिनिटांचा. पायातल्या नसेचा तुकडा घेतला, नाकाशी संबंधित पेशी घेतल्या, त्या पाठीच्या मज्जारज्जूत सोडल्या, आणि कमरेखाली लुळा पडलेला माणूस चालू लागला, असं त्यात दाखवलं होतं. मागे बासरी वाजत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल." आम्हीही पाठवला. वर "गुरुकृपा" असे दोन शब्द आमच्या पदरचे घातले.

आठ दिवसांनी बेळगावहून एका काकांचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटात त्यांच्या मुलाची मोटरसायकल घसरली, पाठीच्या मणक्याला मार बसला. मुलगा सव्वीस वर्षांचा. तेव्हापासून पाय हलत नाहीत. काका म्हणाले, "व्हिडिओ बघून एका क्लिनिकला फोन केला. चौदा लाख म्हणतात. नसेच्या पेशी, नाकाच्या पेशी, स्टेम सेल, सगळं एकदमच करू म्हणतात. गावाकडचं शेत काढायचं ठरवतोय. तुम्हीच की पाठवलासा तो व्हिडिओ, मग तुम्हीच सांगा. महाराज काय म्हणाले असते?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "काका, पंधरा दिवस थांबा. शेताला हात लावू नका. आम्ही विचारून सांगतो." ज्याची चौकशी व्हिडिओ पाठवण्याआधी करायला हवी होती, ती पाठवल्यानंतर सुरू केली. आपल्या वडोदऱ्याच्या एक गुरुभगिनी मज्जासंस्थेच्या डॉक्टर आहेत. त्यांनी तीन रात्री वेळ देऊन समजावलं. ते आधी सांगतो. माहिती नसताना केलेलं चिंतन हवेत राहतं.

*शरीराचं काम कसं चालतं*

आपल्या मज्जासंस्थेचे दोन भाग. मेंदू आणि मज्जारज्जू हा मध्यवर्ती भाग. तिथून हातापायांकडे, कातडीकडे, पोटाकडे जाणाऱ्या नसा हा परिघाचा भाग. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदना वाहणारी.

विळीवर बोट कापलं आणि त्यातली बारीक नस तुटली, तर काही महिन्यांनी तिथे पुन्हा जाणीव येऊ शकते. तुटलेला तंतू हळूहळू वाढतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, असा डॉक्टरांचा ठोकताळा. पण मज्जारज्जूत तेच तंतू तुटले तर वाढत नाहीत. असं का?

कारण परिघातल्या नसांभोवती एक सोबतीण पेशी असते. तिला श्वान पेशी म्हणतात. श्वान म्हणजे इथे कुत्रा नव्हे. सर्व प्राणी पेशींचे बनलेले आहेत हा सिद्धान्त 1839 साली मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचं ते नाव. ही पेशी तंतूभोवती गुंडाळून बसते. तंतू तुटला की ती आपलं रोजचं काम सोडते, मोडतोड साफ करायला लागते, आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करते, आणि सगळ्या मिळून एका ओळीत उभ्या राहतात. त्या ओळीच्या आधाराने नवा तंतू वाट काढत जातो. मज्जारज्जूतल्या सोबतीच्या पेशी वेगळ्या जातीच्या. तिथे मार बसला की व्रण धरतो, आणि तंतूंना वाढू न देणारे पदार्थही तिथे असतात.

म्हणून शास्त्रज्ञांना सुचलं की परिघातल्या सोबतिणी मध्यभागी नेऊन सोडल्या तर?

कल्पना नवी नाही. 1911 मध्ये स्पेनमध्ये तेयो नावाच्या संशोधकाने सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा ठेवून पाहिला, आणि मेंदूतले तंतू त्याच्याकडे वाढताना दिसले. त्यांचे गुरू रामोन इ काहाल, 1906 चे नोबेल विजेते. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं की प्रौढ मेंदू-मज्जारज्जूतल्या वाटा ठरलेल्या असतात, त्या बदलत नाहीत. मात्र उद्याचं शास्त्र हे बदलू शकेल, अशी फटही त्यांनी उघडी ठेवली होती. पुढे सत्तर वर्षांनी, 1981 मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट आग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा पूल बांधला, आणि मध्यवर्ती तंतू त्या पुलावरून तीन सेंटिमीटरपर्यंत वाढत गेले. म्हणजे तंतूंत वाढण्याची ताकद होती. सोबत नव्हती. एक अडचण मात्र राहिली. तंतू पुलावर चढतात, पण पलीकडे उतरून पुन्हा मज्जारज्जूत शिरायला कचरतात. ती अडचण आजही पुरती सुटलेली नाही.

*सहा माणसं*

अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठात या पेशींवर अनेक वर्षं काम झालं. 2012 मध्ये सरकारी परवानगी मिळाली आणि माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. मज्जारज्जूला छातीच्या पातळीवर नुकताच मार बसलेली सहा माणसं त्यात होती. प्रत्येकाच्या पोटरीमागून घोट्याकडे जाणाऱ्या नसेचा तुकडा काढला. त्यातल्या श्वान पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्या. मग त्याच माणसाच्या पेशी त्याच्याच जखमेत सोडल्या. कुणाला 50 लाख, कुणाला 1 कोटी, कुणाला दीड कोटी पेशी. आपल्याच शरीरातल्या असल्याने शरीर त्या परक्या मानत नाही.

2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही. आणि या पेशींमुळे पाय हलले असंही कुणी म्हटलं नाही.

मंडळी, आम्ही हे वाचलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. एवढा खटाटोप, आणि कुणीच चाललं नाही? डॉक्टर ताई म्हणाल्या, "अहो, पहिला टप्पा कुणाला चालवण्यासाठी नसतोच. ही गोष्ट माणसाला अपाय करते की नाही, एवढंच त्यात बघायचं असतं. आणि हे भाग घेणाऱ्याला सही करण्याआधी सांगायचं असतं."

त्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. पोटरीची ती नस काढली की पावलाच्या बाहेरच्या कडेची जाणीव जाते. ज्याचे पाय आधीच गेलेत त्याला ती आज कळणार नाही. पण उद्या कधी काळी पाय परत आले, तर तेवढा भाग बधिरच राहील. त्याशिवाय पाठीवर आणखी एक शस्त्रक्रिया. हे सगळं कशासाठी? पुढच्या कुणासाठी तरी हा रस्ता सुरक्षित आहे की नाही, ते कळावं म्हणून. त्या सहाजणांनाही चालावंसं वाटत असणारच. तरी "तुम्हाला फायदा होईल असं आम्ही म्हणत नाही" हे समोर ठेवल्यावर माणसं सही करतात.

निष्काम कर्म हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो. पण फळ मिळणार नाही हे कागदावर लिहून दिल्यावर स्वतःच्या शरीराचा तुकडा पुढे करणं, याच्याइतकं स्पष्ट उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर याआधी आलं नव्हतं.

*आपण पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस*

तो व्हिडिओही खोट्यावर उभा नव्हता. 2014 मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातल्या शल्यचिकित्सकांनी, लंडनच्या जेफ्री रेझमन यांच्या संशोधनाच्या आधारावर, एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली होती. चाकूहल्ल्यात त्याचा मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण कापला गेला होता. वास ओळखणाऱ्या नसेचे तंतू आयुष्यभर नवे होत राहतात, आणि त्यांच्या सोबतीलाही खास पेशी असतात. डॉक्टरांनी त्याची कवटी उघडून, वासाचं केंद्र असलेल्या भागातून त्या पेशी घेतल्या, वाढवल्या आणि जखमेच्या वर-खाली सोडल्या. मधल्या 8 मिलिमीटरच्या फटीवर घोट्याजवळच्या नसेच्या चार पट्ट्या ठेवल्या. पुढे त्याच्या पायांत थोडी शक्ती आणि जाणीव परतली, आणि आधार धरून तो पावलं टाकू लागला.

व्हिडिओतून काय गळलं होतं? कवटी उघडली होती हे गळलं होतं. तो आधार धरून चालत होता हे गळलं होतं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही तो आठवड्यातले पाच दिवस, रोज पाच-पाच तास व्यायाम करत होता हे गळलं होतं. त्याची जखम चाकूची, सरळ कापलेली होती. आपल्या काकांच्या मुलासारखी अपघातात चेचलेली नव्हती, हे गळलं होतं. आणि मुख्य म्हणजे तो एकच माणूस होता, इतरांमध्ये हे पुन्हा घडवून दाखवायला हवं, हे डॉक्टरांचं स्वतःचं म्हणणंच गळलं होतं. डॉक्टरांनी पूर्ण सांगितलं होतं. ते कापून अर्धं कुणीतरी केलं, आणि त्या अर्ध्याला आम्ही गुरुकृपेचा शिक्का मारला.

दुसरी बाजूही ऐका. पोर्तुगालमध्ये काही वर्षं नाकाच्या आतल्या अस्तराचे तुकडेच, पेशी वेगळ्या न करता, रुग्णांच्या मज्जारज्जूत ठेवले जात होते. एका तरुण मुलीने ती शस्त्रक्रिया करून घेतली. सुधारणा झाली नाही. आठ वर्षांनी पाठीत दुखू लागलं. उघडून पाहिलं तर आत नाकाच्या अस्तराची गाठ वाढली होती आणि नाकासारखाच शेंबडासारखा स्राव तिथे साठला होता. 2014 मध्येच, पोलंडची बातमी आली त्याच वर्षी, ही हकिगतही वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिचा व्हिडिओ कुणी बासरी लावून फिरवला नाही.

चीनमध्ये शेकडो लोकांवर गर्भातल्या अशा पेशींचं रोपण झालं, पैसे घेऊन. बाहेरच्या तीन डॉक्टरांनी त्यातल्या सात जणांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासलं. 2006 च्या त्यांच्या अहवालात पायांत उपयोगी सुधारणा एकातही आढळली नाही. पाच जणांना मात्र मेंदूज्वरासारखे त्रास झाले.

*मग प्रश्न काय आहे?*

प्रश्न विज्ञान खरं की खोटं असा नाही. विज्ञान आपल्या गतीने चाललं आहे, दिवसाला एक मिलिमीटर म्हणा. आमच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न असा: दुःखात असलेल्या माणसाला आशा देणं हे पुण्य आहे. मग ती अर्धी खरी असली तरी पुण्यच का?

आम्ही हा प्रश्न चार-पाच कुटुंबगटांत मांडला. उत्तरं आली ती जशीच्या तशी देतो, कारण प्रत्येकात काहीतरी वजन आहे.

इंदूरच्या एक आजी म्हणाल्या, "अहो, खोटी का असेना, आशा आहे तोवर माणूस जगतो. तीही काढून घेतलीत तर त्या आई-बापांनी सकाळी उठायचं कशासाठी?"

हैदराबादचे एक काका म्हणाले, "पैसा त्यांचा, मुलगा त्यांचा. आपण कोण अडवणारे?"

आणि गोव्यातल्या एका ताईंनी लिहिलं, "हे प्रारब्ध आहे. भोगून संपवायचं. पेशी आणि शस्त्रक्रिया यांच्या मागे धावणं म्हणजे अशांती."

तिसऱ्या उत्तरापासून सुरुवात करतो. प्रारब्ध हा शब्द आपण स्वतःसाठी वापरावा, दुसऱ्याच्या दुखण्यासाठी नाही. स्वतःचं भोगणं शांतपणे स्वीकारलं तर ती साधना. दुसऱ्याचं भोगणं शांतपणे स्वीकारलं तर तो आळस. काहालसारख्या थोर माणसाने वाटा बदलत नाहीत म्हटलं, पण उद्याचं शास्त्र हे बदलू शकेल अशी फटही ठेवली. आजची मर्यादा मान्य करून पुढे पाहणं कसं असतं, त्याचा हा नमुना आहे. उपचार शोधणं हे प्रारब्धाशी भांडण नव्हे.

दुसरं उत्तर. पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा, हे खरं. पण निर्णय घेणाऱ्याच्या हातात माहिती कुणाची होती? आमची. आम्ही अर्धी दिली. पूर्ण माहितीवर घेतलेला निर्णय चुकला तरी तो त्या माणसाचा असतो. अर्ध्या माहितीवर घेतलेल्या निर्णयात माहिती देणाऱ्याचाही वाटा असतो. काकांनी शेत विकलं असतं तर त्या खरेदीखतावर आमची सही नसती, पण पाप आमच्याही खात्यावर पडलं असतं.

आता पहिलं उत्तर, आजींचं. हे सगळ्यात अवघड. कारण त्या खोटं बोलत नाहीत. आशेशिवाय माणूस खचतो, हे आम्ही घरोघर पाहिलं आहे. पण आजी, आम्ही त्या घरात जाऊन बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. चौदा लाखांची आशा घरात आल्यापासून बाकीच्या लहान आशा घराबाहेर गेल्या होत्या. "आता ऑपरेशनच करायचंय" म्हणून फिजिओथेरपिस्टला येऊ नका सांगितलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, ते कधी राहत होतं. पाठीच्या खाली जखम धरली होती. अशा रुग्णांना खरा धोका असतो तो झोपून होणाऱ्या जखमांचा आणि लघवीच्या संसर्गाचा. मोठ्या खोट्या आशेने छोटं खरं काम खाल्लं होतं.

म्हणजे खोटी आशा फुकट मिळत नाही. तिचं भाडं रोज भरावं लागतं, आणि ते रुग्ण भरतो.

*दान आणि फसवणूक यांत फरक कशाचा?*

मायामीच्या सहाजणांनी शरीराचा तुकडा दिला, फळ मिळालं नाही. काकांनी शेत दिलं असतं, फळ मिळण्याची शक्यता तेवढीच होती. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे त्याग. मग एकाला दान आणि दुसऱ्याला फसवणूक का म्हणायचं?

आम्हाला जे सुचलं ते असं. दान म्हणजे जाणून दिलेलं. ज्याला आपण काय देतो आहोत, कशासाठी देतो आहोत आणि बदल्यात काय मिळणार नाही हे माहीत आहे, तोच दाता. ज्याच्यापासून यातलं एक जरी लपवलं, त्याच्याकडून घेतलेलं दान राहत नाही, मग तो कितीही प्रेमाने देवो. सहाजणांकडे ते ज्ञान होतं. त्यांच्या देण्यातून पुढच्यांना काहीतरी मिळालं: निष्कर्ष छापले गेले, चूक-बरोबर सगळं उघडं झालं, पुढच्या डॉक्टरांनी तिथून पाऊल टाकलं. क्लिनिकमध्ये चौदा लाख देऊन काही झालं नाही तर ते कुठे लिहिलं जातं? कुठेच नाही. पुढच्या काकांना मागच्या काकांचं काय झालं हे कधी कळत नाही. त्याग होतो, पण तो कुणाच्याच कामी येत नाही.

आणखी एका बापाची गोष्ट डॉक्टर ताईंनी सांगितली, ती आम्ही काकांनाही सांगितली. निक ब्युनिकॉन्टी हे अमेरिकन फुटबॉलमधले नावाजलेले खेळाडू. 1985 मध्ये त्यांचा मुलगा मार्क कॉलेजच्या सामन्यात मानेला मार बसून लुळा पडला. त्याच वर्षी बाप, मुलगा आणि एक शल्यचिकित्सक यांनी मिळून मायामीतला हा प्रकल्प उभा केला. पुढची तीसहून जास्त वर्षं ते त्यासाठी निधी गोळा करत राहिले. 2019 मध्ये निक गेले. तोवर मुलगा चालला नव्हता. मुलगाही त्याच कामात राहिला. त्या बापाची आशा काकांच्या आशेपेक्षा कमी नव्हती. पण ती त्यांनी आपल्या एकट्याच्या मुलापुरती ठेवली नाही, म्हणून ती खोटी ठरली नाही. मुलगा चालला नाही, तरी त्या आशेचं काम थांबलं नाही.

*पुढे काय झालं*

पंधरा दिवसांनी बेळगावला गेलो. हे सगळं काका-काकूंसमोर मांडलं. काका मान खाली घालून ऐकत होते. काकू रडत होत्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला.

"मला कुणी विचारलंय काय?"

आम्ही सगळे आत गेलो. तो म्हणाला, "दोन महिने माझ्या पायांवर बैठका चालल्यात. अण्णा शेत काढायचं म्हणतात. शेत गेलं तर उद्या मला कोण बघणार? आधी बाथरूमचं दार मोठं करा. व्हीलचेअर आत जात नाही. दोन वर्षं मी आईच्या खांद्यावर आत जातोय."

दोन वर्षं. आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी नामस्मरणाचे आकडे मोजत होतो. जप चुकीचा होता असं नाही. पण जपासोबत एक गवंडी पाठवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग त्यानेच विचारलं, "त्या सहाजणांसारखी खरी चाचणी आपल्याकडे निघाली तर मला घेतील काय?" आम्ही म्हणालो, तुझी जखम जुनी झाली आहे, प्रत्येक चाचणीचे निकष वेगळे असतात, तुला फायदा होईल असंही कुणी सांगणार नाही. तो म्हणाला, "ते कळलं मला. तरी विचारतोय."

आमच्या मते निष्काम हा शब्द त्या खोलीत त्यालाच सगळ्यात चांगला कळला होता.

बेळगावच्या गुरुबंधूंनी पुढच्या रविवारी बाथरूमचं दार मोठं केलं, उंबऱ्याला उतार केला. फिजिओथेरपिस्ट पुन्हा यायला लागले. पाठीची जखम भरत आली आहे. शेत आहे तिथे आहे. काकूंच्या फोनमध्ये क्लिनिकचा नंबर अजून आहे. आम्ही तो पुसायला सांगितला नाही. आईच्या हातून तो पुसून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही.

*आपण पाळायच्या चार गोष्टी*

पहिली. कोणत्याही उपचाराचा व्हिडिओ आपल्या गटांवर यापुढे परिवारातल्या एखाद्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाणार नाही. "गुरुकृपा" हे शब्द तर कोणत्याच उपचारावर लावायचे नाहीत.

दुसरी. कुणी पेशींच्या उपचारासाठी पैसे मागितले तर थांबा. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मूलपेशींचं रोपण सोडलं, तर स्टेम सेलचे बाकीचे उपयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे असतात. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे "चाचणी आहे, इतके लाख भरा" हे वाक्यच संशयाचं. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती कुणालाही पाहता येते. नोंद आहे म्हणजे उपचार गुणकारी आहे असं मात्र समजू नका.

तिसरी. विचारायचे प्रश्न: आजवर किती जणांवर केलं? ज्यांना फायदा झाला नाही त्यांचं काय झालं? निष्कर्ष कुठे छापले? काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची? उत्तर म्हणून व्हिडिओ दाखवला तर उठून यावं.

चौथी, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ज्याचं दुखणं आहे त्याला आधी विचारा. तो आतल्या खोलीत असतो.

शेवटी एवढंच. महाराजांनी कुणाच्या दुखण्यापुढे कधी चमत्काराचं आश्वासन दिल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. ते जाऊन बसायचे. काकांनी विचारलं होतं, महाराज काय म्हणाले असते? कदाचित काहीच म्हणाले नसते. त्या मुलाच्या खाटेशेजारी बसून, तुला काय हवंय, एवढंच विचारलं असतं. पायातली ती श्वान पेशी तरी दुसरं काय करते? तुटलेल्या तंतूजवळची घाण काढते, ओळीत उभी राहते, आणि तो वाढेपर्यंत तिथून हलत नाही.

या आठवड्याच्या कुटुंब-बैठकीसाठी प्रश्न: आपल्या घरात किंवा शेजारी असं कोण आहे, ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो पण ज्याला काय हवंय हे अजून विचारलेलं नाही? उत्तर गटावर लिहू नका. जाऊन विचारा.

ज्यांना आमच्या त्या व्हिडिओमुळे त्रास झाला असेल, त्या सर्वांची हात जोडून क्षमा मागतो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏